चुनखड वेचलेलं वावर

किसनसिंगाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. त्याच्या बायकोच्या, जमनीच्या, मोबाइलमध्ये गजर लावलेला असे आणि तो वाजायच्या आधी हा उठून बसलेला असे. "मंग गजर लावता कायले?" मी एकदा विचारलं. जमनी म्हणाली, "तो माह्यासाठी हाय, बबनभाऊ. याले झोप येत नाही आन् मले येते, हे याले पाहावत नाही."

चारच्या सुमारास दोघं माझ्या दारावरून जात. किसनसिंगाच्या खांद्यावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, तिच्या टोकाला टोपलं, टोपल्यात भाकर. मागे दहा पावलांवर जमनी, डोक्यावर दुसरं टोपलं. साडेचार ते आठ ती रस्त्याकडेच्या एका वावरात, म्हणजे शेतात, राबत. आठला सब्बल धुऱ्यावरच्या, वावराच्या कडेच्या, झुडपात लपवून तो मजुरीला जाई. कधी विहिरीच्या खोदकामावर, कधी गिट्टीच्या खाणीवर, हंगामात कोणाचं सोयाबीन सोंगायला. पाचला सुटला की परत वावरात, दिसेनासं होईपर्यंत. असं नऊ वर्षं. मी नऊ म्हणतो तेव्हा नऊच.

मी बांधकाम खात्यात मैलकुली होतो. रस्त्याचा एक तुकडा नेमून दिलेला असतो, त्याचे खड्डे बुजवायचे, रस्त्याखालच्या मोऱ्या साफ ठेवायच्या, कडेच्या बाभळी छाटायच्या. आर्णी रस्त्याचे सहा किलोमीटर माझ्याकडे एकतीस वर्षं होते. माणूस काम करतो की कामाचा देखावा करतो, हे मला त्याच्या पाठीवरून कळतं. किसनसिंग काम करत होता. म्हणून त्याच्याबद्दल लिहितो आहे. ज्यांनी त्याच्या कामाचं मातेरं केलं त्यांच्याबद्दलही लिहावं लागेल, त्याला इलाज नाही.

वावर रस्त्याला लागून, तीन एकर. मालक नीळकंठराव. यवतमाळात स्वतःचं घर, कचेरीतली नोकरी करून निवृत्त. जमीन आजोबांनी घेतलेली. नीळकंठरावांना मी त्या वावराच्या कडेला गाडी थांबवताना पुष्कळदा पाहिलं, आत पाय टाकताना पाहिलं नाही. टाकण्यासारखं होतंही काय? बरड जमीन. वर गोटे, खाली मुरूम, मधे वीतभर माती आणि त्या मातीत चुनखड. चुनखड म्हणजे चुन्याचे पांढरे खडे, कुठे हरभऱ्याएवढे, कुठे बोराएवढे. असल्या मातीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याच्या वर जात नाही, पानं पिवळी पडतात. वीस वर्षं ते वावर पडीक होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

किसनसिंगाला वाटलं. तो पलीकडच्या तांड्यावरचा. त्याच्या बापाची चार एकर जमीन तलावात गेली होती. मोबदला चार भावांत वाटला गेला आणि वर्षभरात खाऊन झाला. उरली होती काठाची एक पट्टी, भावाभावांच्या सातबाऱ्यावर, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसणारी. तेवढ्या पट्टीपुरता तो शेतकरी होता, बाकी मजूर. त्याला एक एकर पाहिजे होतं. दोन नाही, एकच. रोजच्या मजुरीतला ठरावीक हिस्सा तो पोस्टात टाकी. घरात लग्न असो की आजारपण, त्या हिश्श्याला हात लागत नसे.

बोली झाली तेव्हा मी तिथे मोरी साफ करत होतो, म्हणून ऐकली. किसनसिंगानं जमीन सुधारायची. सात वर्षं पिकेल ते त्याचं, पुढे अर्धं-अर्धं. आणि विकायची वेळ आली तर खालचा एक एकर त्यालाच. नीळकंठराव गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून बोलले.

"किसन, तुला सोडून दुसऱ्याला विकणार नाही. शब्द आहे माझा."

"लिहून घ्याचं काय, साहेब?"

"अरे, माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुझा?"

किसनसिंगानं हात जोडले. काच वर गेली.

पहिली दोन वर्षं त्यानं नुसते दगड काढले. मोठा गोटा सब्बलेनं हलवायचा, खाली लहान दगड सारायचा, पुन्हा हलवायचा, लोटत उताराला न्यायचा. खालच्या धुऱ्यावर त्यानं बांध घातला. पाया अडीच हात रुंद, खाली मोठे दगड, तोंडाला चपटे, मधल्या फटींत बारीक खडी ठासून. मी एक दिवस उभा राहून पाहिलं आणि म्हणालो, "एका अंगाला सांड ठेव, जास्तीच्या पाण्याले बाहेर जायले वाट. नाहीतर मोठ्या पावसात बांध जाईल." त्यानं विचारलं, "किती हात?" कशाला म्हणून विचारलं नाही. ज्याला काम कळतं तो असंच विचारतो. त्या बांधाचा एक दगड पुढच्या एकाही पावसाळ्यात हलला नाही. माझ्या रस्त्यावरच्या ठेकेदाराच्या मोऱ्या मात्र दर तीन वर्षांनी नव्या बांधाव्या लागत.

तिसऱ्या वर्षापासून गाळ. मे महिन्यात तलाव आटला की तो मजुरी बंद ठेवी, बैलबंडी भाड्यानं घेई आणि दिवसाला सहा खेपा करी. गाळ खोदणं, बंडीत भरणं, वावरात उतरवणं, सगळं दोघांनी. सहा उन्हाळे. एवढंच असतं तरी मी त्याला मानलं असतं. पण त्यानं वाळू चाळायची मोठी चाळणी आणली, ती तिरपी उभी केली आणि प्रत्येक फावडं तिच्यावर मारून चाळलेलाच गाळ वावरात टाकला. मी म्हणालो, "किसन, गाळ कोणी चाळते काय?" तो म्हणाला, "तलावात काठाचा चुनखड बी वाहून येते. एक काढाव आन् दुसरा घालाव, हे काय काम झालं?" मग म्हणाला, "बापाच्या वावरातली माती हाय, बबनभाऊ. थोडी थोडी घरी आणून राह्यलो." हे तो एकदाच बोलला. पुन्हा कधी नाही.

आणि जुन्या मातीतला चुनखड हातानं वेचला. पाऊस येऊन गेला की मातीवर खडे पांढरे चमकतात. मग दोघं वाकून एकेका तासानं, म्हणजे पिकाच्या सरीनं, पुढे जात, एका तासात तो, शेजारच्या तासात जमनी, मधे टोपलं. टोपलं भरलं की रस्त्याच्या कोपऱ्यावर ढीग. वखर फिरला की खालचे खडे वर येत, मग पुन्हा पहिल्या तासापासून. त्या ढिगातला चुनखड मी रस्त्याच्या खड्ड्यांत भरला. माझ्या सहा किलोमीटरमध्ये त्याच्या वावराचा पुष्कळ भाग दबलेला आहे.

शेजारचं वावर नयनचं. तरुण, ट्रॅक्टरवाला. तो धुऱ्यावर उभा राहून हसे. "किसनकाका, चुनखड मोजून राह्यले काय? माह्या वावरात या, जेवढा न्याचा तेवढा न्या. फुकट."

"तुह्या वावरात येऊन काय करू?" किसनसिंग मान वर न करता म्हणे. "तुह्या बापानं मातीच ठेवली नाही, चुनखडच पेरला."

जमनी म्हणे, "हसू नको रे बाबू. लग्नात यानं माह्या डोक्यावर अक्षता टाकल्या का टोपलं ठेवलं, मले अजून समजलं नाही."

नयनचं वावर कसं होतं ते सांगतो. धुऱ्यावर तणनाशक मारून मारून गवताची काडी उरली नव्हती, त्यामुळे धुरा दर पावसात ढासळे आणि माती नाल्यात जाई. ट्रॅक्टर उताराच्या दिशेनं चाले, कारण वळवायला सोपं. पिकावर पिवळेपणा आला की दुकानातून बाटली. वावरात वाकायचं नाही, एवढा एकच नियम होता. आणि नयन वाईट माणूस नव्हता. आमच्या शिवारात दहापैकी नऊ वावरं अशीच आहेत. मला त्याची किळस येते. जमीन वाईट असते तेव्हा दया येते. चांगली जमीन आळशानं वाईट केली की किळस येते.

सातव्या वर्षापर्यंत किसनसिंगाच्या खालच्या एकरात हातभर माती झाली. काही आणलेली, काही बांधानं अडवलेली. वरच्या दोन एकरांत वीतभरच होती, पण तीही खडा नसलेली. पऱ्हाटी छातीला लागली. आठव्या वर्षी अर्ध्या वाट्याच्या तुरी त्यानं पाखडून, निवडून यवतमाळला पोचवल्या. सोबत दोन पोती माती, कारण शोभाताईंनी, नीळकंठरावांच्या बायकोनं, गच्चीवरच्या कुंड्यांसाठी मागितली होती.

नववं वर्ष. तुरी सोंगून झाल्या होत्या. पोस्टातली रक्कम एका एकराच्या भावाजवळ पोचत आली होती आणि होळी झाली की नीळकंठरावांकडे जाऊन बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मी तोवर निवृत्त झालो होतो, सकाळी जाऊन त्याच्या बांधावर बसायचो. अशा एका सकाळी नीळकंठरावांचा मुलगा श्रेयस गाडी घेऊन आला. पुण्यात नोकरीला असतो. सोबत एक जाड माणूस, पायांत पांढरे बूट. कोण, काय, त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मालकाच्या मुलासोबत आलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी काही विचारत नाही.

जाड माणसानं मूठभर माती उचलली, थुंकी लावून तिचा गोळा केला, फोडला, आत पाहिलं.

"गाळ घातला काय रे हिच्यात?"

"हाव जी," किसनसिंग म्हणाला. "चाळून."

"चाळून?" त्यानं श्रेयसकडे पाहिलं. "आन् चुनखड? या पट्ट्यात तर चुनखडाशिवाय माती नाही."

आता इथं किसनसिंगानं गप्प राहायचं होतं. पण नऊ वर्षांत कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. नयननं हसून विचारलं होतं, मी काळजीनं विचारलं होतं, पण माती हातात घेऊन, गोळा फोडून, कामाचा प्रश्न म्हणून कोणी विचारलं नव्हतं. त्याचा चेहरा खुलला. तसा मी कधी पाहिला नव्हता.

"हात घाला, साहेब. कोपरापर्यंत घाला. एक खडा दाखवा, वर्षभर तुमच्याइथं फुकट राबतो."

त्यानं सब्बल मारून खड्डा करून दाखवला. मग दुसरीकडे. मग तिसरीकडे, त्या माणसाला जिथं पाहिजे तिथं. जाड माणूस उकिडवा बसून मातीत बोटं फिरवत होता. आणि मी, बांधावर बसलेला मूर्ख, मीही तोंड उघडलं. "तालुक्यात असं दुसरं वावर दाखवा," मी म्हणालो. 

तो माणूस विटाभट्टीवाला होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो. भट्टीत मातीबरोबर चुन्याचा खडा गेला की तो भाजून निघतो. बाहेर दिसत नाही. पुढे पाणी लागलं की आतल्या आत फुगतो आणि विटेचा टवका उडतो. काळ्या मातीचा चिकटपणा राख आणि भुसा घालून कमी करता येतो, पण चुनखडाला औषध नाही. तो वेचावाच लागतो, आणि तो वेचणारे मजूर कोणत्या भट्टीवाल्याला परवडतात? इथे तर तीन एकरांतला वेचून ठेवलेला होता. आमच्या शिवारात कितीतरी वावरं होती, बहुतेकांच्या मातीला भट्टीवाल्यानं हात लावला नसता. त्यांच्या आळसानं त्यांची माती वाचली. याच्या मेहनतीनं याची गेली.

आठ दिवसांनी दोन जेसीबी आल्या. किसनसिंग खाणीवर होता. जमनी धावत माझ्याकडे आली आणि मी तिथे गेलो तेव्हा खालच्या एकराचा कोपरा उघडा झाला होता, पिवळा मुरूम दिसत होता. जेसीबीवाला मान हलवून म्हणाला, मालकाची परवानगी आहे. तहसीलची पावती त्यानं दाखवली, दोनशे ब्रासची.

मी खाणीवरून किसनसिंगाला घेतलं आणि दोघं यवतमाळला गेलो. नीळकंठराव घरीच होते. शोभाताईंनी चहा आणला, बिस्किटं आणली. म्हणाल्या, "तुमच्या मातीत गुलाब काय लागलेत, गच्चीवर जाऊन पाहा तरी." आम्ही गेलो नाही.

किसनसिंग म्हणाला, "साहेब, तुमी शब्द देल्ला होता."

"मोडला का?" नीळकंठराव शांतपणे म्हणाले. "जमीन विकली का मी? सातबारा काढून पाहा, माझंच नाव आहे. नुसती वरची माती दिली. जमीन जागच्या जागी आहे."

"खाली मुरूम हाय, साहेब."

"मुरूम म्हणजे जमीनच ना रे? दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा माती होते. निसर्गाचं काम आहे ते."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "नीळकंठराव, पावसानं मुरमाची माती होत असती तर एकतीस वर्षांत माझ्या रस्त्याच्या कडेला पऱ्हाटी उभी राहिली असती. मुरूम मी टाकला आहे. तो काय होतो ते मला माहीत आहे."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बबनराव, तुम्ही तरी समजून घ्या. श्रेयसला पुण्यात घर घ्यायचंय. आणि याचं नुकसान काय झालं? सात वर्षं पीक याचंच होतं. आता तर मी भाव कमी लावायला तयार आहे. त्याला एक एकर पाहिजे होतं ना? आधी परवडत नव्हतं, आता परवडेल. त्याचाच फायदा आहे यात."

हे ते मनापासून बोलत होते. मला जी शिसारी आली ती त्यासाठीच. चोर मला पुष्कळ माहीत आहेत, रस्त्याच्या कामावर डांबर चोरणारे, गिट्टी चोरणारे. चोराला ठाऊक असतं की आपण चोरतो आहोत. या माणसाला वाटत होतं की आपण उपकार करतो आहोत. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

किसनसिंग उठला. त्यानं चहा प्यायला नव्हता. दारात चपला घालताना म्हणाला, "बांध राहू द्या म्हणावं. बांधाचे दगडं नेऊ नका म्हणावं." नीळकंठराव म्हणाले, दगड घेऊन काय करायचे भट्टीवाल्याला?

सहा दिवस टिप्पर चालले. चारशेवर फेऱ्या झाल्या. दोनशे ब्रासच्या पावतीवर बाराशेहून कमी माती गेली नाही. टिप्परात किती मावतं ते मला विचारावं लागत नाही. सातव्या दिवशी तिथे वावर नव्हतं, खळगा होता, रस्त्यापेक्षा खाली, पिवळा, वरून सपाट. खालच्या अंगाला दगडी बांध तेवढा उभा, आणि त्याच्यामागे अडवायला काही नव्हतं.

त्याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी नयन भट्टीवाल्याच्या मागे लागला. "माही बी घेऊन जा. पिकून काय भेटते? सपाट होऊन जाईल, लेआउट पाडता येईल." भट्टीवाला त्याला म्हणाला, तुझ्या मातीत चुनखड आहे. तेव्हा नयननं काय करावं? तो किसनसिंगाकडे आला.

"काका, दोन महिने माह्या वावरात या ना. चुनखड वेचून द्या. रोजापेक्षा जास्त देतो."

मी तिथेच होतो. किसनसिंग म्हणाला, "नयन, तुह्या बापानं मले एकडाव बंडी देल्ली होती, भाडं न घेता. म्हणून तुले काही म्हणत नाही. जाय."

ज्यांच्या मातीत खडा कमी होता त्यांनी दिली. नाल्याकाठच्या पाच वावरांचे आज खळगे आहेत. पावसाळ्यात पाणी साचतं, त्यात म्हशी बसतात, शेवाळ धरतं, घाण वास येतो. रस्त्यावरून जाणारे नाकाला रुमाल लावतात. पेरणी नाही, चारा नाही, प्लॉटही नाही. कोणी विचारलं तर सांगतात, निसर्ग साथ देत नाही.

किसनसिंग पंधरा दिवस खाणीवरही गेला नाही. जमनी म्हणाली, गजर वाजतो, मी उठते, हा पडून राहतो. मला वाटलं, संपला. सोळाव्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाला, यवतमाळले जाऊ. तो एकर घेतो."

मी चिडलो. म्हणालो, "मुरूम घेतं काय बे? त्याच माणसाच्या हातावर पैसे ठेवतं? तुले काही लाज?"

"खालचा एकर मांगतो," तो म्हणाला. "बांध त्यातच हाय."

"बांध चाटतं काय?"

"बबनभाऊ, तुमी रस्त्यावाले. पाणी कुठून कुठं जाते ते तुमाले समजते. वरच्या दोन एकरात आता गवत बी नाही. नयनचा धुरा ढासळून राह्यला. पाऊस आला त सगळ्यायची माती कुठं येईन?" त्यानं बोटानं हवेत उतार दाखवला. "माह्या बांधापाशी. सांड वीतभर उचलली का झालं."

हिशेब बरोबर होता. शेजाऱ्यांच्या आळसावर तो माती कमावणार होता, एका पावसाळ्याला बोटाच्या पेराएवढी. नऊ वर्षांपूर्वी पंचावन्न वर्षांचा होता, आता चौसष्ट.

खरेदी झाली. नीळकंठरावांनी दस्तावर सही केली, किसनसिंगाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ, शब्द पाळला की नाही?" मी बाहेर जाऊन थुंकलो.

दस्ताचा खर्च जाऊन थोडी रक्कम उरली. ती घेऊन तो भट्टीवर गेला, मला सोबत घेऊन. तिथे काही माती राखेत कालवून झाली होती, काहीच्या विटा पाडून उन्हात मांडल्या होत्या. एका कडेला मोठा ढीग अजून तसाच पडला होता. लांबूनही त्यानं तो ओळखला. काळा, भुसभुशीत, खडा नाही. भट्टीवाला खुर्चीवर बसला होता.

"ये किसनसिंग," तो म्हणाला. "मानलं बा तुले. एक खडा नाही निघाला. पन्नास हजार विटा काढल्या, एक टवका नाही. माह्याकडे येऊन जा मुकादम म्हणून. माती पाहायची, बस. सावलीतलं काम."

"माती केवढ्याले देतं?"

"कोणती?"

"ते."

भट्टीवाला हसला, मग त्याच्या लक्षात आलं की हा थट्टा करत नाही. त्यानं ट्रॉलीचा भाव सांगितला. नीळकंठरावांना दिला त्याच्या तिप्पट, वर भरणावळ आणि ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. म्हणाला, "धंदा आहे, वाईट वाटून घेऊ नको." किसनसिंगानं वाईट वाटून घेतलं की नाही ते मला कळलं नाही. त्यानं रुमालाची गाठ सोडली.

ट्रॉल्या तो स्वतः भरत होता. भट्टीवरचे मजूर फावडं द्यायला आले तर नको म्हणाला. ते ढिगाबरोबर कोळशाची भुकटी आणि विटांचे तुकडेही भरतील, ही त्याला भीती. तरी थोडे आलेच. वावरात उतरवल्यावर जमनी टोपलं घेऊन बसली आणि विटांचे तुकडे वेचू लागली. मी तिला म्हणालो, "जमनीबाई, आता तरी राहू द्या." ती म्हणाली, "राहू देल्लं त हा साडेतीनले उठून मले तेच करायले लावीन. त्यापेक्षा दिवसा करते."

बांधाला लागून त्यानं ती माती पसरली, हातभर जाडीनं, कारण त्याहून पातळ पसरून उपयोग नाही. तीन बाजूंनी दगड लावले. जमनीनं वांगी आणि मिरच्या लावल्या. बाकी एकर पिवळा पडलेला आहे, पावसाची वाट पाहत नाही, शेजाऱ्यांची माती यायची वाट पाहतो.

नऊ वर्षं साडेतीनला उठून केलेल्या मजुरीतून काय आलं, ते लिहून थांबतो. एक एकर मुरूम, ज्याचा बांध त्यानंच घातलेला होता. आणि अकरा ट्रॉल्या माती, जी त्यानंच आणली होती, त्यानंच चाळली होती. मी पावलं टाकून मोजली. पाऊण गुंठा भरते.